तपासणी लिफ्टची की कागदाची?

मुंबईत मालाड येथील एका शाळेत सप्टेंबर २०२२ मध्ये २६ वर्षांच्या एका शिक्षिकेचा लिफ्टमध्ये सापडून मृत्यू झाला. तास संपवून ती खालच्या मजल्यावर निघाली होती. तिने लिफ्टमध्ये पाऊल टाकले आणि दार मिटण्यापूर्वीच लिफ्ट हलली. लिफ्ट कोसळली नव्हती की आग लागली नव्हती. रोज शेकडो वेळा मुकाट्याने वर-खाली करणाऱ्या यंत्राने एकदाच, नको त्या क्षणी हालचाल केली. पुढे व्हायचे ते सारे यथासांग झाले. पोलिसांनी चौकशी सुरू केली, देखभाल कोणाकडे होती याची विचारणा झाली, शाळा-महाविद्यालयांतील सर्व लिफ्ट तपासण्याची मागणी झाली. काही आठवड्यांत विषय मागे पडला.

असाच अपघात ३ जून २००६ रोजी टोकियोच्या मिनातो भागातील एका सार्वजनिक गृहसंकुलात झाला होता. सोळा वर्षांचा एक शाळकरी मुलगा सायकल घेऊन बाराव्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडत असताना, दार उघडे असतानाच लिफ्ट वर सरकू लागली आणि तो मधे सापडून मरण पावला. ब्रेकच्या झिजलेल्या अस्तराकडे तपासाचा रोख वळला. जपानमध्ये हा विषय काही आठवड्यांत मागे पडला नाही. मुलाच्या आईने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि सप्टेंबर २००९ पासून तेथे नव्या लिफ्टला दुहेरी ब्रेकची, म्हणजे दार उघडे असताना केबिन हलल्यास तिला तत्काळ अडवणाऱ्या स्वतंत्र व्यवस्थेची सक्ती झाली. तरीही कथा तेथे संपत नाही. ही सक्ती जुन्या लिफ्टना लागू नव्हती. ऑक्टोबर २०१२ मध्ये कानाझावा शहरातील एका हॉटेलात सफाईचे काम करणाऱ्या महिलेचा अगदी तशाच प्रकारे मृत्यू झाला. ती लिफ्ट जुनी होती आणि तिला दुसरा ब्रेक नव्हता. नियमांबाबत जगात सर्वांत काटेकोर समजल्या जाणाऱ्या देशात हे घडले. कायदा उद्या बसणाऱ्या लिफ्टसाठी केला जातो, माणसे मात्र काल बसवलेल्या लिफ्टमध्ये चढतात, हा या प्रश्नातला मूळ पेच आहे.

लिफ्टविषयी सर्वसामान्यांच्या मनात असलेली भीती बहुतांशी चुकीच्या जागी आहे. दोर तुटेल आणि केबिन दगडासारखी खाली जाईल, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात केबिनला एकाहून अधिक पोलादी दोर असतात आणि त्यांची एकत्रित ताकद त्यांच्यावर येणाऱ्या भाराच्या साधारण बारापट धरलेली असते. शिवाय केबिनचा वेग मर्यादेबाहेर गेला तर गव्हर्नर नावाची यंत्रणा ते ओळखते आणि केबिनखालचे जबडे दोन्ही बाजूंच्या रुळांना घट्ट पकडतात. एलिशा ओटिस याने १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात आपल्याच फळीचा दोर सर्वांसमक्ष कापून घेऊन दाखवला तो याच तत्त्वाचा प्रयोग. उंच इमारतींचे युग त्या प्रयोगानंतरच शक्य झाले.

खरा धोका दारापाशी आणि ब्रेकपाशी असतो. केबिन मजल्यावर नसताना बाहेरचे दार उघडता कामा नये आणि दार उघडे असताना केबिन हलता कामा नये, ही दोन कामे दाराच्या कुलपातील विजेचा संपर्क, म्हणजे इंटरलॉक करतो. हा संपर्क धुळीने, गंजाने किंवा दार वारंवार आपटल्याने बिघडतो. मग लिफ्ट सारखी अडते, रहिवासी तक्रार करतात आणि घाईत असलेला मेकॅनिक वायरचा एक तुकडा लावून तो संपर्क वगळून टाकतो. लिफ्ट सुरू होते, तक्रार थांबते. ही तात्पुरती वायर काढायची राहून गेली, तर त्या दिवसापासून त्या मजल्याचे दार उघडून कोणीही रिकाम्या शाफ्टमध्ये पाऊल टाकू शकतो. बाहेरून लिफ्ट पूर्वीपेक्षाही सुरळीत चालताना दिसते, कारण तिला अडवणारी गोष्टच काढून टाकलेली असते.

ब्रेकचेही तसेच. केबिनच्या दुसऱ्या टोकाला लोंबकळणारे प्रतिवजन हे रिकाम्या केबिनपेक्षा जड असते. केबिनचे वजन अधिक पूर्ण भाराच्या सुमारे निम्मे, असा त्याचा हिशेब असतो. त्यामुळे एक-दोन माणसे आत असताना ब्रेक सुटला तर लिफ्ट खाली न पडता वर खेचली जाते. टोकियोत ती वरच सरकली होती. ब्रेकची परीक्षा क्षमतेच्या १२५ टक्के वजन ठेवून घ्यावी, असा तांत्रिक संकेत आहे. सहा माणसांच्या लिफ्टची क्षमता आपल्याकडे माणशी ६८ किलो धरून ४०८ किलो मानली जाते. म्हणजे त्या लिफ्टची खरी तपासणी करायची तर पाचशे किलोंची वजने किंवा वाळूच्या गोण्या केबिनमध्ये चढवाव्या लागतील. किती गृहनिर्माण संस्थांनी लिफ्ट बसल्यापासून असा प्रयोग पाहिला आहे, हे सभासदांनीच आठवून पाहावे.

महाराष्ट्रात या विषयाचा कायदा नाही असे मुळीच नाही. मुंबई लिफ्ट कायदा १९३९ चा आहे. त्याखालचे नियम १९५८ चे. लिफ्ट उभारण्यासाठी परवानगी, चालवण्यासाठी परवाना, सरकारी निरीक्षकाकडून तपासणी आणि अपघात झाल्यास त्याची खबर, ही चौकट इतकी जुनी आहे. जुन्या कायद्याच्या नावात केवळ लिफ्ट होती; सरकते जिने आणि विमानतळावर दिसणारे सरकते मार्ग यांचा समावेश २०१७ च्या नव्या कायद्याने केला. लिफ्टसाठी सबंध देशाला लागू असा एक कायदा नाही. ज्या राज्याला सुचले त्याने तो केला. उत्तर प्रदेशात टोलेजंग इमारतींचे नोएडा उभे राहून कितीतरी वर्षे लोटल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये विधिमंडळाने लिफ्टचा कायदा संमत केला. त्यात नोंदणी, वार्षिक देखभालीचा करार आणि वीज गेल्यास केबिन जवळच्या मजल्यावर आणणारे उपकरण अशा तरतुदी आल्या. त्याआधी काही महिन्यांत नोएडात लिफ्टचे जीवघेणे अपघात झाले होते. महाराष्ट्र त्या मानाने ऐंशीहून अधिक वर्षे पुढे आहे. परंतु जुना कायदा असणे आणि जागा कायदा असणे यांत फरक आहे.

लिफ्टची तपासणी महापालिका करते, असा शहरी नागरिकांचा सर्रास समज असतो. अपघात झाला की मोर्चा वॉर्ड ऑफिसवर जातो. वास्तविक हे काम राज्य शासनाच्या विद्युत निरीक्षण यंत्रणेचे आहे. सरकारी कागदपत्रांत लिफ्टला ‘उद्वाहन’ म्हणतात, त्यामुळे कार्यालयाची पाटी वाचूनही अनेकांना ते उमगत नाही. इमारतीचा नकाशा एकाने मंजूर करायचा, अग्निशमनाचा दाखला दुसऱ्याने द्यायचा, लिफ्टचा परवाना तिसऱ्याने, आणि रोजची देखभाल चौथ्याने पाहायची, अशी ही विभागणी आहे. प्रत्येकाचा शिक्का स्वतंत्र असतो. चारही शिक्के ज्या एका फायलीत एकत्र येतात ती संस्थेच्या सचिवाच्या कपाटात असते आणि सचिव दर काही वर्षांनी बदलतो.

निरीक्षकांची संख्या अपुरी आहे, ही तक्रार प्रत्येक अपघातानंतर छापून येते आणि ती खोटी नाही. साधे गणित मांडून पाहता येईल. मशीन रूम, प्रत्येक मजल्याचे दार, केबिनचे छत, खालचा खड्डा, ब्रेक, गव्हर्नर आणि मर्यादा-स्विच हे सारे प्रामाणिकपणे पाहायचे तर एका लिफ्टला दोन-तीन तास लागतात. प्रवास धरून एका निरीक्षकाकडून दिवसाला तीन लिफ्ट होतील. वर्षात कामाचे २२० दिवस धरले तर ६६०. दहा हजार लिफ्ट असलेल्या एखाद्या मध्यम शहरात वर्षातून दोनदा तपासणी करायची म्हटली तर वीस हजार तपासण्या, म्हणजे तीस निरीक्षक हवेत आणि त्यांनी दुसरे कोणतेही काम करता कामा नये. मुंबई महानगरातील लिफ्ट याच्या कित्येक पट आहेत आणि रोज नव्या बसत आहेत. नव्या लिफ्टच्या परवानगीचे अर्ज याच यंत्रणेकडे येतात. बिल्डरला ताबा द्यायचा असल्याने त्या अर्जामागे कोणीतरी तगादा लावणारा असतो. तीस वर्षांच्या लिफ्टच्या नियतकालिक तपासणीसाठी तगादा लावायला कोणी येत नाही. साहजिकच पहिले काम होते आणि दुसरे राहते.

मात्र केवळ संख्या वाढवून प्रश्न सुटेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तपासणी झाली म्हणजे नेमके काय झाले, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. लिस्बन शहरातील ‘ग्लोरिया’ ही उतारावरून दोरावर चालणारी जुनी गाडी ३ सप्टेंबर २०२५ रोजी घसरून १६ जणांचा बळी गेला. ती काही लिफ्ट नव्हे, पण दोर, ब्रेक आणि एकमेकांना तोलणारे दोन डबे, ही तत्त्वे लिफ्टचीच. त्या दिवशी सकाळी गाडीची ठरलेली पाहणी झाली होती आणि तीत काहीही गैर आढळले नव्हते. दोर ज्या ठिकाणी तुटला ती जागा सुटे भाग उघडल्याशिवाय दिसतच नव्हती. प्रवासी वाहतुकीसाठी तो दोर प्रमाणितच नव्हता, हे नंतरच्या प्राथमिक तपासात पुढे आले. पाहणी रोज होत होती, फक्त पाहायचे ते तीत येत नव्हते. आपल्याकडे वर्षाकाठी होणाऱ्या तपासणीत केबिनमधला पंखा, दिवा, धोक्याची घंटा आणि परवान्याची तारीख पाहून सही होत असेल, तर तिच्याकडून याहून अधिक काय अपेक्षावे?

प्रश्नाची दुसरी बाजू संस्थांच्या हिशेबवहीत आहे. लिफ्टच्या देखभालीचा वार्षिक करार हा सर्वसाधारण सभेतला एक विषय असतो आणि त्यावरची चर्चा बहुधा आकड्यापुरती होते. मूळ कंपनीचा दर जास्त असतो. बाहेरची एखादी संस्था तेच काम निम्म्या दरात करण्यास तयार होते. सुटे भाग धरून करार करायचा की वगळून, हा मुद्दा कोणी काढला तर त्याला पुढच्या विषयाकडे नेले जाते. बाहेरची प्रत्येक संस्था वाईटच असते असे नाही. अनेक चांगले तंत्रज्ञ मोठ्या कंपन्यांतून बाहेर पडूनच स्वतःचा व्यवसाय करतात. परंतु निम्म्या दरात काम करणाऱ्याला खर्च भागवण्यासाठी एका मेकॅनिककडे दुप्पट लिफ्ट सोपवाव्या लागतात. मग महिन्याची ‘सर्व्हिसिंग’ म्हणजे रुळांना तेल, वॉचमनची सही आणि पुढच्या इमारतीकडे प्रस्थान, असा तिचा संकोच होतो. दुसरीकडे मूळ कंपन्यांनीही आपल्या नियंत्रण-पेट्या अशा बंदिस्त करून ठेवल्या आहेत की बाहेरच्याला बिघाड वाचताही येऊ नये. ग्राहकाला धरून ठेवण्याचा हा मार्ग व्यापारी दृष्टीने समजण्यासारखा असला, तरी सुरक्षेच्या दृष्टीने तो घातकच म्हटला पाहिजे.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी लिफ्टच्या खर्चाचा एक वाद मिटवून ठेवला आहे. ज्या इमारतीत लिफ्ट आहे तेथील सर्व सभासदांनी, ते लिफ्ट वापरोत वा न वापरोत, तिचा देखभाल खर्च समान वाटून घ्यायचा. तळमजल्यावरचा सभासद यावर अजूनही कुरकुरतो, ते सोडा. लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. याच उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरील इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करण्यास सांगितले आहे, आणि आता ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ हा शब्द चाळीपासून टॉवरपर्यंत सर्वांच्या तोंडी आहे. लिफ्टचे असे ऑडिट हा शब्दही कोणी वापरत नाही. इमारत सिमेंटची आणि लिफ्ट मात्र कंपनीची, अशी काहीशी समजूत झालेली दिसते.

या साऱ्याचा सर्वांत कठोर चटका बसतो तो झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींना. जमिनीला लागून असलेल्या घरातून उठून चौदाव्या मजल्यावर राहायला गेलेल्या कुटुंबाला लिफ्ट ही चैन नसून तोच त्याचा रस्ता असतो. विकासकाने सदनिकेमागे काही रक्कम देखभालीसाठी ठेवायची असते. तिच्या व्याजावर पाण्याचा पंप, दिवे, सफाई आणि लिफ्ट चालवायची. सुरुवातीची हमीची वर्षे संपली की खर्च वाढतो, वर्गणी थकते, करार खंडित होतो. दोनपैकी एक लिफ्ट बंद पडते आणि तिचे भाग काढून दुसरी चालवली जाते. केबिनवर ताण दुप्पट येतो. अशा इमारतीत निरीक्षक पोहोचला आणि त्याने नियमाप्रमाणे उरलेली लिफ्टही बंद करण्याचा आदेश दिला, तर काय होईल? डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा खाली उतरणारा रुग्ण, गरोदर स्त्री, गुडघे गेलेली आजी, डोक्यावर पाण्याचे कॅन वाहणारा मुलगा, या सर्वांची शिक्षा त्याच दिवशी सुरू होईल. अपघात कदाचित होईल, कदाचित होणार नाही. जिने मात्र आजच चढावे लागतील.

लिफ्ट थांबवण्याचा अधिकार निरीक्षकाला असतो. तो वापरणे मात्र माणूस म्हणून त्याला कठीण जाते. संस्थेचे पदाधिकारी हात जोडतात, स्थानिक नगरसेवकाचा दूरध्वनी येतो, आणि ‘दोन महिन्यांत दुरुस्ती करून घ्या’ असा शेरा मारून तो निघतो. या शेऱ्यामागे नेहमीच भ्रष्टाचार असतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. अनेकदा ती निखळ दया असते. पण दोन महिन्यांनी पुन्हा येऊन पाहायला त्याला सवड नसते. म्हणून लिफ्ट बंद करण्याचा आदेश आणि तिच्या दुरुस्तीसाठी तातडीचा निधी या दोन गोष्टी एकत्र असायला हव्यात. म्हाडा किंवा झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणासारख्या संस्थांनी दुरुस्तीचा खर्च आधी करून तो नंतर हप्त्यांनी वसूल करण्याची सोय ठेवली, तर निरीक्षकाची लेखणी कापणार नाही. पैशाची वाट मोकळी नसेल तर अधिकार कागदावरच राहतो.

थांबवण्याच्या बाबतीतला हा संकोच केवळ आपल्याकडचा नाही. चीनच्या हुबेई प्रांतातील जिंगझोऊ शहरात २६ जुलै २०१५ रोजी एका दुकानाच्या सरकत्या जिन्याच्या माथ्यावरील पत्रा निसटला आणि तीस वर्षांची एक आई आत ओढली गेली. पडता पडता तिने लहान मुलाला पुढे ढकलले, तो वाचला. जगभर पाहिल्या गेलेल्या त्या चित्रफितीचे सर्वांत अस्वस्थ करणारे अंग पुढे चौकशीत स्पष्ट झाले: पत्रा सैल असल्याचे दुकानातील कर्मचाऱ्यांच्या काही मिनिटे आधी ध्यानात आले होते. त्यांनी जिना बंद केला नाही. लाल बटण हाताच्या अंतरावर असताना, गर्दीच्या वेळी जिना बंद करण्याची जबाबदारी आपली आहे असे त्यांच्यापैकी कोणाला वाटले नाही.

सरकत्या जिन्यांविषयी आपल्याकडे लिफ्टइतकीही जागरूकता नाही. रेल्वे स्थानके, मेट्रो आणि मॉल यांमुळे गेल्या दीड दशकात ते सर्वत्र झाले. लिफ्टमध्ये दार तरी असते. येथे माणूस आणि चालते यंत्र यांच्यामध्ये काहीच नसते. पायरी आणि बाजूचा पत्रा यांतली फट काही मिलिमीटरने वाढली तरी लहान मुलाची मऊ रबरी चप्पल, साडीचा पदर वा ओढणी तीत ओढली जाते. वरच्या टोकाच्या कंगव्याचे दोन दात तुटलेले असणे ही शोभेची बाब नव्हे. हाँगकाँगमध्ये मार्च २०१७ मध्ये एका मॉलचा उंच जिना वर जाता जाता अचानक उलटा, खाली धावू लागला आणि १८ जण जखमी झाले. मुख्य साखळी तुटली होती आणि अशा वेळी जिना रोखण्यासाठी असलेली दुसरी यंत्रणाही चालली नव्हती. सुरक्षेसाठी ठेवलेली दुसरी यंत्रणा वर्षानुवर्षे वापरातच येत नाही, त्यामुळे ती चालते की नाही हे मुद्दाम तपासल्याखेरीज कळत नाही. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात १९८७ मध्ये लाकडी सरकत्या जिन्याखाली साचलेल्या ग्रीस आणि कचऱ्यावर पेटती काडी पडून लागलेल्या आगीत ३१ जण मेले, तेव्हाही प्रश्न यंत्राच्या बिघाडाचा नव्हता, जिन्याखालची घाण पाहायला कोणी उतरले नव्हते याचा होता. इकडे मुंबईतल्या स्थानकांवर टवाळखोर लाल बटण दाबून जिने बंद पाडतात, ही रेल्वेची जुनी तक्रार आहे. जिथे बटण दाबायला हवे तिथे कोणी दाबत नाही आणि जिथे नको तिथे खेळ चालतो.

आकड्यांकडे पाहिले तर सर्वांत जास्त बळी एकाच वेळी जातात ते बांधकामावरच्या लिफ्टमध्ये, हे येथे नमूद करायला हवे. वरळीत जुलै २०२१ मध्ये, ठाण्यात बाळकूम येथे १० सप्टेंबर २०२३ रोजी आणि त्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी नोएडात मजुरांना नेणाऱ्या अशा लिफ्ट कोसळल्या. एकट्या बाळकूमला चाळीस मजली इमारतीच्या कामावरील सात जण मृत्युमुखी पडले. या लिफ्ट राहत्या इमारतीच्या लिफ्टहून वेगळ्या असतात. त्या उंची वाढेल तशा वाढवत न्यायच्या, वारा-पाऊस-सिमेंट यांत उघड्यावर चालवायच्या आणि काम संपले की काढून दुसऱ्या जागी उभारायच्या असतात. प्रत्येक वाढीव टप्प्यानंतर त्यांची नव्याने चाचणी व्हायला हवी. त्यांच्यावर देखरेख बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्याखाली, निराळ्या खात्याची. त्यांत बसणारा मजूर परगावचा, कंत्राटदाराच्या कंत्राटदाराने आणलेला असतो आणि त्याच्या वतीने सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारणारे कोणी नसते. ज्या इमारतीची लिफ्ट पुढे तपासली जाणार की नाही यावर आज इतकी चर्चा होते, ती इमारत उभी करणाऱ्यांची लिफ्ट कोणी तपासली, हे अपघातानंतरच विचारले जाते.

परदेशी व्यवस्था जशीच्या तशी उचलून आणण्यात अर्थ नसतो. तरी दोन ठिकाणच्या दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनुसार माणसे नेणाऱ्या लिफ्टची दर सहा महिन्यांनी सखोल तपासणी होते आणि ती करणारी सक्षम व्यक्ती देखभाल करणाऱ्यापासून पुरेशी स्वतंत्र असावी लागते. ज्याने तेल घातले त्यानेच प्रमाणपत्र द्यायचे नाही. गंभीर धोका आढळला तर अहवालाची प्रत मालकाबरोबरच अंमलबजावणी करणाऱ्या सरकारी यंत्रणेकडेही जाते. हे काम बऱ्याच अंशी विमा कंपन्यांचे अभियंते करतात. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरच्या गिरण्यांतील बॉयलर फुटू लागले तेव्हा ही परंपरा सुरू झाली. अपघात झाला तर ज्याच्या खिशातून भरपाई जाणार आहे त्याचाच माणूस तपासायला येतो, त्यामुळे डोळेझाक करण्यात त्याचा लाभ नसतो. सिंगापूरने २०१५-१६ मधील अपघातांनंतर लिफ्ट चालवण्यासाठी दर वर्षी नवा परवाना आणि महिन्यातून किमान एकदा देखभाल असा दंडक घातला. तो परवाना लिफ्टमध्येच लावलेला असतो, चढणाऱ्या कोणालाही तो वाचता येतो.

महाराष्ट्रात खासगी तपासनीसांना परवानगी देण्याची चर्चा निघाली की दोन टोकाची मते ऐकू येतात. एका मते सरकारी निरीक्षकाशिवाय कोणावर विश्वास ठेवू नये; दुसऱ्या मते सरकारने यातून अंग काढून घ्यावे. दोन्ही मतांत एकच गोष्ट निसटते. तपासनीस सरकारी असो वा खासगी, त्याचे शुल्क तपासला जाणारा मालक थेट त्याच्या हाती देत असेल, तर वाहनांच्या प्रदूषण-प्रमाणपत्राचे जे झाले तेच येथे होईल. कोणत्या लिफ्टसाठी कोण जाणार हे मालकाने न ठरवता यंत्रणेने ठरवणे, शुल्क शासनाकडे जमा होऊन तेथून तपासनीसाला मिळणे आणि त्याने दिलेल्या शंभरातील पाच-दहा अहवालांची सरकारी निरीक्षकाने अचानक फेरतपासणी करणे, एवढ्या तीन अटी पाळल्या तर मोजक्या निरीक्षकांनाही मोठे क्षेत्र सांभाळता येईल. अहवालात ‘समाधानकारक’ हा शब्द बाद करून त्या जागी मोजमाप लिहिण्याची सक्ती हवी: दोराचा व्यास किती मिलिमीटर, ब्रेकचे अस्तर किती उरले, कोणत्या मजल्याचा इंटरलॉक किती वेळा अडला. पुढच्या वर्षीच्या आकड्याशी ते ताडून पाहता येते. ‘समाधानकारक’ कशाशी ताडणार?

हे सारे व्हायला वेळ लागेल. त्याआधी गृहनिर्माण संस्थांना कोणाच्याही परवानगीवाचून करता येण्यासारखी काही कामे आहेत. दर महिन्याच्या सर्व्हिसिंगच्या वेळी कार्यकारी समितीचा एक सदस्य मेकॅनिकसोबत मशीन रूमपर्यंत जिना चढला, तरी त्या भेटीचे स्वरूप बदलते. प्रत्येक मजल्यावरचे दार लिफ्ट तेथे नसताना बाहेरून ओढून पाहायला अभियंता लागत नाही. ते उघडले तर त्याच क्षणी लिफ्ट बंद केली पाहिजे. जाळीचे सरकते दार असलेल्या जुन्या लिफ्टमध्ये लहान मुलांना एकटे सोडू नये, आणि त्या दारांच्या जागी बंद दारे बसवण्याचा खर्च रंगकामाच्या आधी धरावा. पावसाळ्यापूर्वी खालच्या खड्ड्यात पाणी साचते का ते पाहावे. २०२० च्या पावसाळ्यात मुंबई सेंट्रल परिसरातील एका इमारतीत तळघरात पाणी भरले असताना दोन सुरक्षारक्षक लिफ्टमध्ये अडकून बुडाले. पाणी भरू लागले की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन तिचा मुख्य वीजप्रवाह बंद करायचा असतो, हे त्या रात्रीच्या पाळीच्या वॉचमनला सांगून ठेवण्याचे काम समितीचे आहे, आणि नवा वॉचमन आला की ते पुन्हा सांगावे लागते.